एस. जी. डी. जी. म्हणजे आजोबा नव्हेत

बहुतेक लोक पिशवी घेऊन येतात. पिशवीत टॉवेल, टॉवेलात वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रात आजोबांचं पिस्तूल. एसटीतून, मांडीवर ठेवून आणलेलं. काउंटरवर पिशवी टेकली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या माणसानं घरापासून इथपर्यंतच्या प्रवासात एक गुन्हा केलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. माण तालुक्यातले एक गुरुजी मात्र हात हलवत आले. मोबाइलवर चार फोटो तेवढे होते. म्हणाले, “काका, आजोबा एका छोट्या संस्थानात फौजदार होते. त्यांचं आहे. त्यावर त्यांची आद्याक्षरंसुद्धा कोरलीत, हे बघा.” फोटो मोठा केला. अक्षरं होती एस, जी, डी, जी. आजोबांचं नाव सदाशिव गणेश, पुढे आडनाव ‘दे’वरून. शेवटच्या ‘जी’चं काय, तर घरच्यांनी ठरवलं होतं की तो आदरार्थी ‘जी’!

ती अक्षरं सदाशिवरावांची नव्हती. पण गुरुजींमुळे हा लेख सुचला. जुनं, सहसा न दिसणारं ऑटोमॅटिक पिस्तूल घरात निघालं तर ते कोणतं हे कसं ठरवायचं आणि त्याची किंमत कशी काढायची, ते पायरीपायरीनं सांगतो. (‘ऑटोमॅटिक’ हा बाजारातला शब्द. खरं तर अर्ध-स्वयंचलित, चाप एकदा ओढला की गोळी एकच.) उदाहरणाला गुरुजींचंच पिस्तूल घेतो: बेल्जियमचं ब्राउनिंग, १९०० सालचं मॉडेल.

पहिली पायरी: हात लावू नका

पिस्तूल जिथे सापडलं तिथेच राहू द्या. जुनं आहे, गंजलंय, आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, म्हणून रिकामंच असणार असं धरू नका. मॅगझिन काढलं तरी एक काडतूस नळीच्या मागच्या घरात बसलेलं असू शकतं आणि अपघात नेमके त्या एकाच काडतुसानं होतात. खोलीला कुलूप लावा, मुलांना लांब ठेवा.

मग कागद शोधा. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावचा परवाना, जमा केल्याची पावती, जुनं बिल, काहीही. परवानाधारक वारला की ते हत्यार घरच्यांच्या ताब्यात असणं कायदेशीर राहत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २१प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ठाण्यात फोन करा, लेखी अर्ज द्या, आणि न्यायचं कसं हे त्यांनाच ठरवू द्या. हत्यार रिकामं करायचं कामही तिथल्या जाणकारानं किंवा गन हाऊसवाल्यानं करायचं. जमा केलं म्हणजे गेलं, ही भीती लोकांना फार असते. ती खोटी आहे. ठरलेल्या मुदतीत वारसाला परवाना मिळवून ते परत घेता येतं, नाहीतर विकता येतं. पावतीवर मात्र कंपनीचं नाव, बोअर (नळीचं माप) आणि नंबर स्पष्ट लिहून घ्या. ‘एक जुने पिस्तूल’ एवढ्यावर सही करू नका.

खाली ‘बघा’, ‘मोजा’ असं जे म्हणेन, ते रिकामं केलेलं हत्यार जमा आहे तिथे, ठेवणाऱ्याच्या हातात असताना, असं समजा.

दुसरी पायरी: पुसू नका

ही पायरी छोटी आहे, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. राख, चिंच, पितांबरी, पॉलिश पेपर, बफिंगचं चाक, यांपैकी काहीही नको. एका घरातल्या उत्साही भाच्यानं मामांचं पिस्तूल मोटारीचे बंपर चमकवणाऱ्याकडून निकेल करून आणलं होतं. चांदीच्या ताम्हनासारखं लखलखत होतं. त्यावरची निम्मी अक्षरं त्या चाकाखाली गेली होती. भाच्याला वाटलं किंमत दुप्पट झाली. मामींना ती निम्मी झाल्याचं सांगायची वेळ माझ्यावर आली.

तिसरी पायरी: फोटो

डावी बाजू, उजवी बाजू, वरून, आणि समोरून तोंड. शेजारी सेंटिमीटरची पट्टी. ऊन तिरकं पडेल असं खिडकीशी ठेवून घ्या, फ्लॅश नको, फ्लॅशमध्ये बारीक शिक्के मरतात. मग प्रत्येक शिक्क्याचा वेगळा फोटो, अगदी तांदळाच्या दाण्याएवढ्या शिक्क्याचासुद्धा. वाचता येत नसेल तर अक्षरांवर खडू घासायचा मोह होतो. त्यापेक्षा उजेडाची दिशा बदला.

चौथी पायरी: अक्षरांआधी आकार

लोक आधी नाव वाचतात आणि फसतात. ‘ब्राउनिंग’ हा शब्द दिसला म्हणजे ब्राउनिंग, असं नाही. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटाहचा कारागीर. त्यानं पिस्तुलांइतकीच काडतुसंही आखली आणि त्याचं नाव काडतुसांनाही चिकटलं. स्पेनच्या एबार गावात पहिल्या महायुद्धात आणि नंतर ढिगानं पिस्तुलं झाली. त्यांच्यावर ‘७.६५’ आणि ‘ब्राउनिंग’ असं सापडतं, पण तिथे ते काडतुसाचं नाव असतं, कारखान्याचं नव्हे. म्हणून आधी आकृती बघा.

आपलं १९०० मॉडेल समोरून चटकन ओळखू येतं. बाकीच्या बहुतेक पिस्तुलांत नळी वर असते आणि स्प्रिंग तिच्याखाली किंवा तिच्याभोवती. इथे उलटं आहे. नळी खाली, सांगाड्याला पक्की बसवलेली, आणि स्प्रिंग तिच्या डोक्यावरच्या बोगद्यात. त्यामुळे तोंड नेहमीपेक्षा खाली दिसतं आणि वर जाड भुवई असल्यासारखं वाटतं. हीच स्प्रिंग स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, पुढे आणते आणि एका तरफेमार्फत आतल्या टोचणीलाही जोर देते. एका स्प्रिंगमध्ये दोन कामं! ब्राउनिंगच्या डोक्याचं मला या एका गोष्टीसाठी फार कौतुक आहे. त्या तरफेचा आणखी एक गुण: टोचणी ताणलेली नसेल तर तरफ मागच्या माशीच्या खाचेत आडवी येते आणि नेम धरता येत नाही. खाच मोकळी दिसली तर टोचणी ताणलेली आहे. हे ओळखीसाठी सांगतो. पिस्तूल रिकामं आहे की नाही हे यावरून अजिबात कळत नाही.

आता पट्टी लावा. १९०० मॉडेल सुमारे १७२ मिलिमीटर लांब, नळी १०२ मिलिमीटर, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये सात काडतुसं, मॅगझिनचा खटका मुठीच्या बुडाशी. लांबी ११५च्या आत असेल आणि सगळं तळहातात मावत असेल तर ते १९०६चं ६.३५ मिलिमीटरचं छोटं भावंड. १५३च्या आसपास असून नळीच्या तोंडाशी खरबरीत कडं असेल तर १९१०चं मॉडेल. २०५च्या आसपास लांब, अंगानं भरलेलं, तर १९०३चं. ते ९ मिलिमीटरचं आहे आणि ९ मिलिमीटर म्हटलं की आपल्याकडे प्रतिबंधित बोअरचा, म्हणजे खासगी माणसाला सहसा परवाना न मिळणाऱ्या मापाचा, प्रश्न उभा राहतो, तेव्हा तिथे किमतीची चर्चा थांबवून आधी परवाना शाखेत विचारा. आणि घोडा नाव असलेली कंपनी, घोड्याचंच चित्र, हार्टफर्डचा पत्ता असेल तर ते अमेरिकन कोल्ट. त्याच्या १९०३च्या पॉकेट मॉडेलचा आराखडा ब्राउनिंगचाच. चंद्रशेखर आझादांचं प्रयागराजच्या संग्रहालयातलं पिस्तूल कोल्ट आहे, ते बघितलेल्यांना हा फरक लगेच कळतो.

मॉडेल चुकलं की पुढचं सगळं चुकतं, आणि ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. १९१४ साली साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपनं ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकवर गोळी झाडली ती १९०० मॉडेलमधून, असं पुस्तकांमागून पुस्तकांत छापलं गेलं. पिस्तूल निघालं १९१०चं, नंबर १९०७४.

पाचवी पायरी: अक्षरं

डाव्या बाजूला मोठी ओळ असते ती कारखान्याची: फाब्रिक नास्योनाल, हर्स्टाल, लिएज. म्हणजे ‘राष्ट्रीय कारखाना’, गाव हर्स्टाल, शहर लिएज. बेल्जियमच्या सैन्याला माऊझर रायफली बनवून द्यायला १८८९ साली हा कारखाना निघाला आणि १८९७मध्ये त्याचा ब्राउनिंगशी करार झाला. त्याखाली ‘ब्राउनिंग्ज पेटंट’ आणि ‘ब्रव्हते’, म्हणजे पेटंट दिलेलं. आणि मग आपली ती चार अक्षरं, एस. जी. डी. जी. हा फ्रेंच कायद्याचा ठसा आहे, अर्थ असा की पेटंट दिलंय, पण सरकार त्याची हमी घेत नाही. शिलाई मशिनापासून घड्याळापर्यंत त्या काळच्या कितीतरी फ्रेंच मालावर हीच चार अक्षरं सापडतात. गुरुजींना सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले, मग हसले. “म्हणजे सरकारची हमी नाही असं आजोबा सगळ्यांना दाखवत फिरायचे!”

मागच्या टोकाला सेफ्टीची कळ. तिच्या एका जागेला ‘स्यूर’, म्हणजे सुरक्षित, आणि दुसऱ्या जागेला ‘फ’, म्हणजे आग. फ्रेंच स्पेलिंग एफ ई यू असं असतं. ‘फ्यू’ म्हणजे थोडं, असा इंग्रजी अर्थ लावणारेही भेटले आहेत. मुठीच्या फळ्या काळ्या कडक रबराच्या, त्यांवर एफ आणि एन ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली. सुरुवातीच्या पिस्तुलांवर त्या अक्षरांसोबत पिस्तुलाचंच छोटं चित्र असतं. तसं चित्र मुठीवर असेल आणि फळी तडकलेली नसेल तर ती जपा, कारण हे रबर म्हातारपणी काचेसारखं तुटतं. डाव्या फळीच्या खालच्या बाजूला दोरी ओवायची कडी.

मॉडेलचं वर्ष कुठेही लिहिलेलं नसतं. शोधू नका. मूळ नंबरालाच साल समजून ‘१८५७चं आहे, उठावातलं’ असं सांगणारे येतात. ऑटोमॅटिक पिस्तूल तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

सहावी पायरी: चाचणीचे शिक्के

बेल्जियमच्या प्रत्येक बंदुकीला लिएजच्या सरकारमान्य चाचणीघरातून जावं लागे. तिथे जास्तीच्या दारूचं काडतूस उडवून नळी टिकते का बघत आणि शिक्के मारत. भिंग घ्या. लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरं आणि वर मुकुट. हा मुकुट १८९३पासूनचा, तेव्हा खऱ्या १९०० मॉडेलवर तो असायलाच हवा. दुसरा शिक्का दीपमाळेसारख्या खांबाचा. लिएजच्या चौकातला हा खांब त्या शहराची खूण आहे. तिसरा, सिंह आणि त्याखाली पी व्ही, म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी. शिवाय एखादं एकटं अक्षर, डोक्यावर चांदणी, ती तपासनिसाची सही.

यांच्याखेरीज बर्मिंगहॅमचे मुकुटवाले शिक्के दिसले तर पिस्तूल इंग्लंडवरून आलं. ‘नॉट इंग्लिश मेक’ असा सरळ इंग्रजी ठसा असेल तर ते १९२५नंतर केव्हातरी ब्रिटिश चाचणीघरातून गेलं आहे, म्हणजे आजोबांनी ते १९१०मध्ये नवं घेतलं ही कथा तिथेच संपली. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांच्यासारख्या जुन्या विक्रेत्याचं नाव कोरलेलं असेल तर ते चांगलं. त्याला भाव येतो.

सातवी पायरी: नंबर

सांगाड्यावर एक, स्लाइडवर एक, नळीवर एक. पहिले दोन उजव्या बाजूला. नळीवरचा, हत्यार ज्याच्याकडे जमा आहे त्याला स्लाइड मागे घेऊन दाखवायला सांगा. तिन्ही एकच हवेत, आणि आकड्यांचं वळणही एकच हवं. एका कारखान्यात एकाच पंचाच्या संचानं मारलेला ‘४’ सगळीकडे सारखाच उघडा किंवा मिटलेला असतो.

हे मॉडेल सुमारे सात लाख झालं. नंबरावरून अमुक महिना काढता येईल अशी आशा धरू नका, पण एक खुंटा माझ्या उपयोगी पडतो. २६ ऑक्टोबर १९०९ला हार्बिन स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन क्रांतिकारकानं जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना मारलं ते याच मॉडेलनं आणि त्याचा नंबर २६२३३६. म्हणजे तेवढ्या नंबरापर्यंतची पिस्तुलं तेव्हा जगभर पोचलेली होती. गुरुजींचा नंबर त्याच्या बराच खाली निघाला.

मग तोच नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघा. इथे निम्म्या घरांत घोळ सापडतो. कारकुनानं एक आकडा खाल्लेला असतो, किंवा ‘पिस्तूल’च्या जागी ‘रिव्हॉल्व्हर’ लिहिलेलं असतं. गुरुजींच्या कागदावर ‘.३२ रिव्हॉल्व्हर, ब्राउनिंग’ असं होतं. ७.६५ मिलिमीटर आणि .३२ हे एकाच काडतुसाचं फ्रेंच आणि इंग्रजी माप, तिथवर ठीक. पण रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस वेगळं असतं, ते यात चालत नाही. ही दुरुस्ती विक्रीआधी परवाना शाखेतून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो.

नंबर खरवडलेला असेल तर किंमत काढायचं थांबवा. खूण पुसणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ८खाली स्वतंत्र गुन्हा आहे. असं हत्यार कोणीही शहाणा विक्रेता हातात धरणार नाही.

आठवी पायरी: नक्कल आहे का

या मॉडेलच्या नकला चीनमध्ये लष्करी सरदारांच्या काळात अक्षरशः ढिगांनी झाल्या. सरहद्दीपलीकडे दर्रा आदमखेलच्या कारागिरांनीही केल्या. नक्कल करणाऱ्याला लिपी येत नसे, तो चित्र उतरवल्यासारखी अक्षरं उतरवी. त्यामुळे ‘एन’ उलटा पडतो, ‘हर्स्टाल’मधलं एक अक्षर गळतं, ओळ चढावर जाते, आणि कधीकधी ब्राउनिंगच्या अंगावर माऊझरचं पदक असतं. नागपंचमीला गणपतीची आरती म्हणावी तसं. आपल्याकडच्या मुंगेरी, म्हणजे बिहारमधल्या मुंगेरच्या चोरट्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असतं, त्यावर बोलायलाच नको.

नववी पायरी: हालत

नव्वद टक्के किंमत इथे ठरते आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात.

पहिल्यांदा रंग. पोलादावरचं मूळ काळं-निळं ब्ल्यूइंग शंभर वर्षांत जांभळट, मग तपकिरी होत जातं. म्यानातून आत-बाहेर केल्यानं तोंडाशी आणि कडांवर ते उडालेलं असतं. ही झीज नैसर्गिक, तिचा फार दंड नाही. खालच्या आणि मागच्या खाचांत, सेफ्टीच्या कळीमागे, जिथे बोट पोचत नाही तिथे मूळ रंग शिल्लक आहे का बघा. सगळीकडे एकसारखा गडद काळा रंग असेल, अगदी खड्ड्यांच्या तळातसुद्धा, तर तो पुन्हा चढवलेला आहे. गंजाचे खड्डे आधी आणि रंग नंतर, असा क्रम मूळ मालात कधी नसतो.

मग अक्षरांच्या कडा. नख अलगद फिरवा. मूळ ठशाची कड नखाला लागते. बफ मारलेल्या ठशावर नख साबणावरून जावं तसं घसरतं.

निकेलबद्दल एक सावधगिरी. चकचकीत म्हणजे नंतर केलेलं, असं डोळे मिटून म्हणू नका. कारखाना मागणीप्रमाणे निकेलचं पिस्तूलही देत असे. कारखान्याच्या निकेलमध्ये अक्षरं धारदार राहतात. गल्लीतल्या निकेलमध्ये अक्षरांच्या पोटात निकेल भरतं आणि ती सुजल्यासारखी दिसतात.

मग स्क्रू. माझी आवडती जागा. या मॉडेलमध्ये स्लाइडच्या मागच्या भागात आतला ठोकळा धरून ठेवणारे दोन मोठे स्क्रू बाहेरून दिसतात. त्यांच्या खाचा सरळ, कोरीव असतील तर आत कोणी उगाच डोकावलेलं नाही. खाचा चावलेल्या, फाटलेल्या असतील तर कोणीतरी सायकलच्या पान्याबरोबर मिळालेला स्क्रूड्रायव्हर घालून बसलेलं होतं, आणि मग आतली तरफ, स्प्रिंग, टोचणी मूळची आहे का याची शंका धरायलाच हवी. गुरुजींच्या पिस्तुलाचे स्क्रू बघितले तेव्हा मी चहा मागवला. खाचा कोऱ्या होत्या.

शेवटी नळी. विक्रेता स्लाइड मागे धरून पांढऱ्या कागदाचा कपटा उजेडात मागच्या बाजूला धरतो आणि तुम्ही तोंडातून बघता. वळणाच्या रेषा शेवटपर्यंत चमकत्या आहेत की मध्येच काळोखी आहे, ते दिसतं. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतली रसायनं दमट हवेत नळी खात. कोकणातल्या पिस्तुलाची नळी आणि देशावरच्या पिस्तुलाची नळी मी डोळे बांधूनही सांगेन म्हणालो तर ती बढाई होईल, पण फार मोठी नाही.

‘चालतं का बघू’ म्हणून उडवून बघणं नको. सोबतची जुनी काडतुसं तर नकोतच. ती हत्याराबरोबर जमा होतात. त्यांच्या बुडावर ‘के एफ’ असेल तर खडकीच्या कारखान्याची, एवढं टिपून ठेवा.

दहावी पायरी: कथा आणि कागद

महाराष्ट्रात ब्राउनिंगला एक वेगळंच वलय आहे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली आणि २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आपल्याला शाळेपासून माहीत. परिणाम असा की दर दोन-तीन वर्षांनी माझ्यापुढे कोणीतरी बसतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, “हे त्या वीसांतलं आहे.” मी त्यांना चहा देतो आणि कागद मागतो. त्या काळचा परवाना, जप्तीचा किंवा खटल्याचा दस्त, ज्यात हाच नंबर लिहिलेला आहे. नंबराशिवाय कथेला मी एक रुपयाही लावत नाही. ती कथा घरात सांगा, सुंदर आहे.

साधे कागद मात्र कमाल करतात. मूळ बिल, संस्थानाचा जुना परवाना, आजोबांचा कमरेला पिस्तूल लावलेला फोटो, मूळ चामडी म्यान, जास्तीचं मॅगझिन. गुरुजींकडे संस्थानाच्या परवान्याची जीर्ण प्रत निघाली, नंबरासकट. ती प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करायच्या बेतात होते, मी हात जोडले.

अकरावी पायरी: किंमत

आधी एक गैरसमज काढू. हे पिस्तूल जगात दुर्मीळ नाही. सात लाख झालेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? अमेरिकेतल्या लिलावात साधारण हालतीचं १९०० मॉडेल काही शे डॉलरना जातं. आपल्याकडे ते सहसा दिसत नाही ते वेगळ्या कारणानं. १९८०च्या दशकात खासगी आयातीवर निर्बंध आले आणि तेव्हापासून परदेशी हत्यारांचा देशातला साठा जवळजवळ गोठला. म्हणून परदेशी आकड्याला आजच्या डॉलरच्या भावानं गुणून आपली किंमत निघत नाही. आणि ‘मग परदेशातच विकतो’ हाही मार्ग नाही, कारण शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि तशी ठरली की खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

आपल्याकडे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एकाला वापरायला हत्यार हवं, दुसऱ्याला जपायला. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. दोनांतली एक जागा शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याला द्यायची की नव्या पिस्तुलाला, हा हिशेब प्रत्येक घेणारा करतो. वापरणारा नळी आणि स्प्रिंग बघतो, रंगाचं त्याला फार नाही. जपणारा उलट, त्याला मूळ रंग आणि जुळणारे नंबर हवेत, गोळी सुटली नाही तरी चालेल. तुमचं पिस्तूल यांपैकी कोणासाठी आहे हे आधी ठरवा.

मग पाया शोधा. तीन वेगवेगळ्या गावांच्या गन हाऊसना विचारा, आणि ‘काय मागताय’ असं नव्हे, ‘असं शेवटचं कितीला गेलं’ असं विचारा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत आपल्या धंद्यात मोठा खड्डा असतो. तिघांचे आकडे जुळले तर तो पाया, शंभर पैसे धरा.

आता जपणाऱ्याच्या बाजारातली माझी वजाबाकी. ही माझी आहे, कायदा नव्हे. पुन्हा चढवलेला रंग किंवा गल्लीतलं निकेल: पन्नास पैसे गेले. नळीचा नंबर वेगळा: पंचवीस ते तीस. नळीत खोल खड्डे: वीस. मुठीची फळी बदललेली: दहा ते पंधरा, तडकलेली पण मूळची: पाचच. चावलेले स्क्रू: पाच, पण ते दिसले की मी बाकी सगळं दुसऱ्यांदा तपासतो. उलट नंबरासकट जुना परवाना किंवा बिल असेल तर पंधरा-वीस वाढवा. मूळ म्यान दहा. वजाबाकी एकावर एक करत शून्याखाली जाऊ नका. रंग गेलेल्या पिस्तुलाला मुठीचा वेगळा दंड लावण्यात अर्थ नसतो, जपणारा तिथून आधीच उठून गेलेला असतो.

एक व्यवहाराची गोष्ट. जमा हत्यारावर गन हाऊस महिन्याचं भाडं लावतं. वारसाकडे परवाना नाही, मुदत चाललीय, भाडं चढतंय, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तो थांबतो. म्हणून जमा करण्याच्या आठवड्यातच वारसाहक्काच्या परवान्याचा अर्ज टाकून ठेवा, ठेवायचं की नाही हे नंतर ठरवा. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. धारक वारल्यावर तर ती लागू होतेच, शिवाय धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर तो हयात असतानाही वारसाला देता येतं. घरात म्हातारे परवानाधारक असतील तर हे त्यांच्यासमोरच बोला, लाजू नका.

बारावी पायरी: टिपण

सगळं एका पानावर उतरवा. गुरुजींसाठी मी लिहिलेलं टिपण असं होतं:

‘पिस्तूल, अर्ध-स्वयंचलित, ७.६५ मि.मी. (.३२), फाब्रिक नास्योनाल, हर्स्टाल, ब्राउनिंग, १९०० मॉडेल. तिन्ही नंबर एक, परवान्याच्या प्रतीशी जुळतात. लिएजचे शिक्के पूर्ण. मूळ ब्ल्यूइंग अंदाजे निम्मं शिल्लक, तोंडाशी आणि मुठीच्या पुढच्या पट्टीवर तपकिरी. फळ्या मूळच्या, डावीला खाली केसाएवढा तडा. स्क्रू कोरे. नळी मध्ये थोडी काळोखी, रेषा ठळक. मॅगझिन एक. संस्थानी परवान्याची प्रत सोबत. पायाच्या शंभराला एकशे दहा पैसे.’

घेणारा मिळाला तर परस्पर हातात देऊ नका. हत्यार कायदेशीर ताब्यात असलेल्या खासगी माणसानं विकायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. इसार घ्या, पावती द्या, पिस्तूल जागेवर राहू द्या.

गुरुजींनी टिपण दोनदा वाचलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं. वारसाचा अर्ज त्यांनी मुलीच्या नावानं भरला, ती पोलीस भरतीची तयारी करत होती. जाताना विचारलं, “काका, घरी आईला काय सांगू? तिला अजून वाटतंय आजोबांचं नाव आहे त्यावर.” मी म्हटलं, संस्थानाच्या परवान्यावर आहे की, सदाशिव गणेश, शाईनं, पूर्ण आडनावासकट. तो कागद त्यांना दाखवा.